साडूभाऊ आणि उघड्या छताची गाडी

मोटारीवर एवढा जीव असलेला आणि मोटार चालवता न येणारा माणूस आमच्या साडूंखेरीज दुसरा अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडणार नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातही सापडणार नाही, असं ते स्वतः म्हणतात. तिकडची खात्री मी देत नाही. परंड्यात बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचं साड्यांचं दुकान आहे. घर ते दुकान आणि दुकान ते घर हा प्रवास ते एका जुन्या मोपेडवर करतात, तोही रस्त्याच्या इतक्या कडेनं आणि इतक्या सबुरीनं, की वाटेतली कुत्रीसुद्धा त्यांच्यासाठी उठत नाहीत. माल आणायला बार्शीला किंवा कुर्डुवाडीला जायचं तर बस. त्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली नाही तर ते उतरून पुढच्या बसची वाट बघतात, कारण गिअर कधी पडला हे दिसलं नाही तर त्यांना प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. गाडी चालवायला का शिकला नाहीत, असं कुणी विचारलंच तर शांतपणे सांगतात, "चालवणं ड्रायव्हरचं काम. आपण पारख करायची. बैलबाजारात पारख करणारा काय स्वतःला औताला जुंपून घेतो व्हय?"

दुकानात गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालताना बाहेरून एखादी गाडी गेली, की मान वर न करता ते तिची कुंडली सांगतात. समोर बायकांचा काठ-पदरावरून वाद चाललेला असतो, आणि मध्येच हे "डिझेल हाय, क्लच गेलाय" असं म्हणून पुढची साडी उलगडतात. अंदाज चुकला तर चूक गाडीची असते. मालकानं मधल्या काळात आतलं काहीतरी बदलून घेतलेलं असतं. लग्नाला गेले की मांडवात ते सगळ्यात शेवटी शिरतात. आधी बाहेर लावलेल्या पाहुण्यांच्या गाड्या, हात मागे बांधून, एकेक करून, मुलगी बघायला आल्यासारख्या बघून घेतात. एकदा नात्यातल्या एका मुलीला स्थळ आलं. मुलाकडची मंडळी चकचकीत गाडीतून उतरली. आम्ही सगळे मुलाकडे बघत होतो, तेवढ्यात साडू गाडीला एक प्रदक्षिणा घालून आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "वरनं धुतलीय. चाकाच्या आत मागच्या पावसाळ्याचा चिखल तसाच हाय. माणसं दाखवायपुरती हायती." स्थळ मोडलं. त्या मुलाचं पुढं बरं झालं की वाईट, मला माहीत नाही. मुलगी मात्र दुसरीकडे सुखात आहे आणि त्याचं श्रेय साडू आजही घेतात.

पण हे त्यांचे किरकोळ गुण झाले. त्यांची खरी श्रद्धा उघड्या छताच्या गाडीवर. कापडी छत मागे दुमडून ठेवता येतं आणि हवं तेव्हा पुन्हा ओढून घेता येतं, अशी गाडी. लोखंडाचं छत लोखंडवाल्याचं, कापडाचं छत आपल्या धंद्याचं, असा त्यांचा साधा हिशेब आहे. नवी गाडी बाजारात आली की लोक तिचं ॲव्हरेज विचारतात, साडू विचारतात, "हिची उघडी निघणार का?" उघडी निघाली नाही तोवर ती गाडी त्यांच्या लेखी परकर-पोलक्यातली पोर; निघाली की साडी नेसली. लग्नाच्या मिरवणुकीसाठी जुन्या गाडीचं छत कापून तिला फुलं लावतात, त्या प्रकाराचा त्यांना मनस्वी संताप. अशी गाडी दिसली की ते तोंड फिरवतात. "मुंडकं उडवलेली गाडी हाय ती," म्हणतात. "छत काढलं की आंग वाकतं, दारं लागत न्हाईत. कापून उघडी करणं येगळं आन उघडी जन्माला येणं येगळं."

या श्रद्धेच्या मुळाशी माझी पत्नी होती. माहेरी, सासरी, गल्लीत सगळे तिला अक्का म्हणत. मीही इथं तेच लिहितो. त्यातल्या त्यात ते लिहायला सोपं जातं. साडूंची पत्नी ही अक्काची धाकटी बहीण. दोघी येरमाळ्याच्या, दोघी परंड्यात दिलेल्या. धाकटीला बसमध्ये झोप लागायची आणि अक्काला गाडी लागायची. लागायची म्हणजे अशी, की बस नुसती स्टँडवर उभी असली तरी तिच्या वासानं अक्काचा चेहरा उतरायचा. आल्याचा तुकडा, लिंबू, पोटाला बांधलेलं वर्तमानपत्र, ज्यानं जे सांगितलं ते सगळं करून झालं. डोळे गच्च मिटून, पदराचा बोळा तोंडाशी धरून ती माहेरी जायची आणि तशीच परत यायची. लग्नानंतर पहिल्यांदा परंड्याला येताना वेशीपाशी गाडी थांबवावी लागली होती. माझ्या घरच्यांना वाटलं, नवरीला माहेरची आठवण आली. सगळ्यांचे डोळे पाणावले, आणि नवरी रस्त्याच्या कडेला ओणवी होऊन बसली होती. बैलगाडीत तिला काही व्हायचं नाही. शेतावर जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत व्हायचं नाही. डोक्यावर बंद छत आलं की संपलं. हे का होतं ते मी पुस्तकात वाचून तिला नीट समजावलं होतं, आणि तिनं ते नीट ऐकूनही घेतलं होतं. साडूंनी मात्र सोयरीक झाल्यावर पहिल्याच वर्षी निदान करून टाकलं. "अक्का, तुमच्यात काय खोट न्हाय," ते म्हणाले, "छतात खोट हाय." अक्काला त्या दिवशी केवढं बरं वाटलं ते मी बघितलं. तेव्हापासून घरात काहीही गोडधोड झालं की पहिली वाटी साडूंच्या घरी जायची.

मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. साडू रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तिथं यायचे आणि मोटारींची पुरवणी वाचायचे. पुरवणी आठवड्यातून एकदाच निघते. पण ते तीच पुरवणी आठवडाभर, दर वेळी नवी असल्यासारखी वाचत. मी निवृत्त झाल्यावरही आम्हा दोघांचा हा सकाळचा नेम सुटला नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या पुरवणीत एका परदेशी कंपनीच्या नव्या गाडीचा फोटो आला. लाल, बसकी, दोनच माणसांची, नुसती पळण्यासाठी जन्मलेली. बातमीच्या शेवटी एक वाक्य होतं, की या गाडीची उघड्या छताची आवृत्ती निघणार का, याविषयी कंपनीनं काहीही सांगितलेलं नाही. साडूंनी ते वाक्य मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग स्वतः वाचलं, मग पुरवणीची घडी घालून म्हणाले, "निघणार."

"काही सांगितलेलं नाही, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"त्येच तर. साडूभाऊ, तुम्ही पुस्तकातले, मी दुकानातला. गिऱ्हाइकानं मागितलेली वस्तू आपल्याकडं नसली तर न्हाय म्हणायला येळ लागत न्हाय. असली तर आत जाऊन बघावं लागतं. कंपनी आत बघायला गेलीय."

तिथून पुढं आमच्या घरात, त्यांच्या घरात आणि दुकानात तीच गाडी. कुठला तरी परदेशी तरुण त्या गाडीभोवती फिरून इंग्रजीत बोलतो, असे व्हिडिओ साडू फोनवर आवाज बंद करून बघायचे, कारण आवाजानं लक्ष विचलित होतं. मग छताबद्दल बोलतोय असं वाटलं की आवाज सुरू करून फोन माझ्यापुढे धरायचे. मी भाषांतर करायचो. विचार चालू आहे, असं त्या तरुणानं म्हटलं की ते समाधानानं मान हलवायचे. गाडीचं पोट जमिनीपासून चारच बोटं वर आहे हे कळल्यावर त्यांनी दुकानातली मोजपट्टी नेऊन बाजारपेठेतला गतिरोधक मोजला, आणि गावात जणू पाहुणे यायचेत आणि रस्ता खराब आहे, अशा काळजीनं परत आले. कंपनीला त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत एक पत्रही लिहून घेतलं. उघडी आवृत्ती काढताना छताच्या कापडाची घाई करू नये, ऊन आणि धूळ सोसणारं कापड सोबत पाठवत आहे, असं लिहून त्यांनी एका जाड लाल थानाचा हातभर तुकडा पाकिटात घातला. उत्तर आलं नाही. साडू म्हणाले, "नमुना पसंत न्हाय म्हणायचं आसतं तर एवढ्यात कळवलं आसतं."

ती गाडी निघाली तरी परंड्यात येणार कशी, हा प्रश्न आम्हा सगळ्यांना पडायचा. धाकटीनं तो एकदा जेवताना त्यांना विचारलाही. साडूंनी घास खाली ठेवला आणि सगळा मार्ग उलगडून सांगितला. गाडी निघाली की पुण्या-सोलापूरकडचा कुणीतरी पैसेवाला ती घेणार. पैसेवाल्याच्या घरी कधी ना कधी लग्न निघणार. लग्न निघालं की बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाच्या सगळ्या कापडाच्या खरेदीला, माणसं चांगलं दुकान शोधत येणार. बस्ता साडूंकडे. एवढा मोठा बस्ता बांधल्यावर एका दिवसापुरती गाडी मागितली तर तो काय नाही म्हणणार? "पुढच्या शिटावर अक्का. शेजारी त्यांचा ड्रायव्हर. आपण मागनं बसनं यायचं. येरमाळ्यात देवीच्या कमानीपाशी उतरल्या की माहेरच्यांनी बघावं." अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. "पाव्हणं," ती म्हणाली, "मी पोचेन, पण तुमची बस चुकंल."

येरमाळ्याचं त्यांनी उगाच काढलं नव्हतं. येडेश्वरी, लोकांची येडाई, ही या दोघी बहिणींची माहेरची देवी. चैत्रातल्या यात्रेला तिथल्या चुन्याच्या रानात माणसं चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीच्या नावानं ढिगावर टाकतात. अक्का लहानपणापासून आईबरोबर खडे वेचायला जायची. लग्नानंतरही, गाडी लागून अर्धमेली होत का होईना, तिनं बरीच वर्षं ते चुकवलं नाही. मग तिचं हृदय दुबळं झालं. डॉक्टरांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. उलट्यांचा ताण अजिबात पडता कामा नये, आणि उन्हात बसायचं नाही. म्हणजे बंद गाडी गेली, आणि चैत्राच्या उन्हातली ट्रॉलीही गेली. अक्कानं मागणी अशी कधी केली नाही. त्या माघात फक्त एवढंच म्हणाली, की आता पुन्हा खडे वेचायला मिळतील असं वाटत नाही. ती पोळ्या लाटत होती आणि पोळीकडे बघूनच बोलली. साडू तिथं होते. डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी माझ्याकडून पुन्हा एकदा ऐकून घेतलं. "म्हणजे छत पायजे बी आन नको बी," ते म्हणाले. "अशी वस्तू जगात एकच हाय." मी छत्रीचं सुचवलं. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यात एवढी पुस्तकं वाचून काय मिळवलंत, असा सगळा मजकूर होता.

आतापर्यंत तो त्यांचा छंद होता, आता घोर झाला. फोनवरचे तरुण विचार चालू आहे याच्या पुढे जात नव्हते आणि चैत्र जवळ येत होता. तेव्हा साडूंनी कंपनीचा नाद सोडून थेट देवाला विचारायचं ठरवलं. सोनारीच्या वाटेला आडबाजूला एक महादेवाचं जुनं देऊळ आहे. तिथले गुरव कौल लावतात. पिंडीला उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार. साडू मला बरोबर घेऊन गेले. मोपेडवर मागे बसून मी देवळापर्यंत पोचलो हाच मला कौल वाटला होता. गुरवांनी काय विचारायचं म्हटल्यावर साडूंनी गाडीची सगळी हकिकत सांगितली. परदेशी कंपनी, लाल रंग, दोन शिटा, उघडी आवृत्ती. गुरव वयस्क होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेटजी," ते म्हणाले, "देव घरचं सांगतो. सोयरीक विचारा, विहिरीला पाणी विचारा. परक्याच्या कारखान्याचं देवानं कशाला सांगायचं?"

"घरचंच हाय," साडू म्हणाले. "माझी थोरली मेहुणी उघड्या गाडीतनं येडाईच्या यात्रेला जाईल का, एवढं विचारा."

गुरवांनी तसं विचारलं. आम्ही तिघं हात जोडून बसलो. गाभाऱ्यात थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. बऱ्याच वेळानं उजवी पाकळी पडली. साडू त्या दिवशी मोपेड इतकी जोरात चालवत आले, की एका सायकलवाल्याला आम्ही मागे टाकलं. दारातूनच त्यांनी अक्काला ओरडून सांगितलं, की कंपनी उघडी गाडी काढणार, देवाचा होकार आला.

अक्कानं मला सगळा प्रकार शब्दाला शब्द विचारून घेतला. काय विचारलं, गुरव काय म्हणाले, मग काय विचारलं. मग साडूंपुढे पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "पाव्हणं, देवानं कंपनीचं नाव घेतलंय का?"

"न्हाय, पण..."

"लाल रंग? दोन शिटा?"

साडूंनी तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"देवानं माझं सांगितलंय. मी जाणार म्हणून. उघड्या गाडीतनं. ती गाडी कुणाची, ते तुम्ही घातलंय देवाच्या तोंडात." आणि तिनं दाराबाहेर बोट केलं. समोर आमच्या गल्लीतल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उभा होता. ते कुटुंब दर वर्षी ट्रॉलीतून यात्रेला जातं. "छताचं तुम्ही बघा. कापडाचं दुकान तुमचंच हाय."

साडू उठून गेले. दोन-तीन दिवस ते वाचनालयातही फिरकले नाहीत. धाकटी सांगत होती, की जेवताना बोलत नाहीत आणि फोन उशाखाली ठेवलाय. मला वाटलं, त्यांचा अपमान झाला. ट्रॅक्टरला ते गाडी म्हणतच नसत. तो पळत नाही, त्याला रूप नाही आणि त्याचा आवाज ओळखायला अक्कल लागत नाही, असं त्यांचं मत होतं. मग एका सकाळी मी दुकानावरून गेलो तर दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं, गादीवर बांबूच्या कामट्यांचा ढीग, दुकानाचा शिंपी मशीनवर वाकलेला आणि साडू जमिनीवर गुडघे टेकून खडूनं काहीतरी आखत होते. मशीनखालून सरकत होतं ते लाल कापड मी ओळखलं. कंपनीला नमुना पाठवला होता त्याच थानाचं. थान अखंड होतं. कंपनीची मागणी येईल म्हणून त्यांनी ते कुणाला विकलेलं नव्हतं.

असं ट्रॉलीवर छत चढलं. कामट्यांच्या कमानी, त्यांवर लाल कापड, बाजू मोकळ्या, आणि दोरी सोडली की सगळं छत मागच्या फळीवर दुमडून बसायचं. कंपन्यांच्या गाड्यांत बटण दाबलं की छत आपोआप उघडतं. आमच्याकडे दोघांनी कमानी धरायच्या, एकानं दोरी सोडायची आणि साडूंनी खाली उभं राहून सगळ्यांना रागवायचं. पण दुमडायचं मात्र खरंच. ट्रॅक्टरमालक तोंडात बोट घालून बघत राहिले. साडूंनी ट्रॉलीला एक प्रदक्षिणा घातली, चाकांच्या आत वाकून बघितलं आणि तिथला चिखल स्वतः काढला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कापलेली न्हाय, साडूभाऊ. हिला आधी छतच नव्हतं. ही उघडीच जन्मली होती."

आम्ही दिवस उगवायच्या आत निघालो. ट्रॉलीत गाद्या, गाद्यांवर लोड, लोडाला टेकून अक्का, शेजारी धाकटी आणि मी. साडू आयुष्यात पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या मागची जागा सोडून बसले होते. ते अक्काच्या समोर, दोरी हातात धरून. ऊन आलं की छत ओढायचे, झाडांची सावली आली की सोडायचे, आणि दर वेळी विचारायचे, "अक्का, उघडी ठेवू का बंद?" बार्शीत रहदारीत थांबलो तेव्हा लोक वळून वळून बघत होते. एकानं विचारलं, कुठली कंपनी? साडूंनी दुकानाचं नाव सांगितलं.

अक्काला काही झालं नाही. ती नुसती बघत होती. बार्शी मागे पडल्यावर तिनं मला एका गावाचं नाव विचारलं. मग पुढच्या गावाचं. मग त्याच्या पुढच्या. मी पाट्या वाचून सांगत होतो आणि ती प्रत्येक नाव एकदा स्वतःशी म्हणत होती. या वाटेनं ती जन्मभर येत-जात होती; पण डोळे मिटून. विहिरी, कडुनिंब, शाळेच्या भिंती, रस्त्याला लागून असलेली एक मोठी चिंच, हे सगळं सासर आणि माहेर यांच्यामध्ये आहे हे ती पहिल्यांदा बघत होती.

"एवढी गावं हायती व्हय या वाटंवर," ती म्हणाली.

साडू दोरी धरून बसले होते. "कंपनीच्या गाडीत बसला आसता तर एक बी दिसलं नसतं, अक्का," ते म्हणाले. "लई पळती ती. बरं झालं न्हाय निघाली." जन्मभर वेगाची पूजा केलेल्या माणसाच्या तोंडून मी हे ऐकलं, आणि त्यांच्याविषयी मला जे वाटतं त्याला त्या दिवसापासून मी आदर म्हणतो.

चुन्याच्या रानात अक्का धाकटीच्या खांद्याला धरून उतरली आणि तिनं आपल्या हातानं खडे वेचले. एकेक खडा पुसून ओंजळीत घेतला. ढिगावर टाकताना तिनं माहेरच्या एकेकाचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं नाही पण माझ्याकडे बघितलं, आणि शेवटचा खडा हातात ठेवून साडूंना म्हणाली, "हा तुमच्या कंपनीच्या नावानं. होऊ दे तिचं बी एकदाचं काय ते."

त्या पावसाळ्याच्या अखेरीला अक्का गेली. झोपेतच गेली. साडू आले आणि दिवस घातले जाईपर्यंत रोज येऊन ओट्यावर बसत राहिले. त्या दिवसांत रस्त्यावरून कितीतरी गाड्या गेल्या. त्यांनी एकीचंही नाव सांगितलं नाही. मग हळूहळू, मला वाटतं माझ्यासाठीच, त्यांनी पुन्हा फोन बाहेर काढला. विचार चालू आहे, असं मी भाषांतर करायचो. ते मान हलवायचे. आमच्या दोघांमध्ये अक्काचं नाव फारसं निघत नाही. गाडीचं निघतं. तिची उघडी निघणार का, एवढं विचारलं की पुढचं सगळं न बोलता बोलून होतं.

परवा पुण्याच्या पुतण्यानं माझ्या फोनवर एक फोटो पाठवला. तीच लाल गाडी, छत मागे दुमडलेलं. कंपनीनं उघडी आवृत्ती काढल्याची बातमी होती. मी फोन पालथा ठेवला. साडूंना कसं सांगायचं ते मला सुचेना. सांगितलं की त्या प्रश्नाचं काम संपणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात गेलो तर टेबलावर मोटारींची पुरवणी नव्हती. नव्या ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचे साडू सकाळीच घरी वाचायला म्हणून घेऊन गेले. वाचनालयाचा कागद उंबऱ्याबाहेर नेणं म्हणजे चोरी, असं मानणारा तो माणूस. तेव्हा मला कळलं, की बातमी त्यांनाही कळली आहे, आणि ती माझ्यापासून लपवण्याच्या खटपटीत ते आहेत.

संध्याकाळी ते नेहमीसारखे आले. मोपेड भिंतीला लावली. ओट्यावर बसले. मी चहा आणला. वारा चांगला सुटला होता. मी रोजच्यासारखं विचारलं, "काही कळलं का गाडीचं?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. "न्हाय अजून," म्हणाले. "कंपनी आत बघायला गेलीय."

"बघू द्या," मी म्हणालो. "घाई काय आहे."

त्यांनी बशीत चहा ओतला. कोपऱ्यावरून काहीतरी धडधडत आलं आणि आमच्या दारावरून पुढं गेलं. मी मान वर केली नाही, त्यांनीही केली नाही.

"ट्रॅक्टर हाय," साडू म्हणाले. "ट्रॉली रिकामी."